बोअरचा पहिला ग्लास

महेंद्र माझ्या बोअरच्या गाडीवरचा ऑपरेटर. मधे आफ्रिकेत राहून आला आणि येताना एक भलतंच खूळ घेऊन आला. मी वैतागलो होतो त्याच्यावर.

आमच्या पाथर्डीकडं बोअरची गाडी गावात शिरली की पोरं तिच्यामागं धावतात, बायका नारळ, हळदकुंकू घेऊन येतात. पाणी लागलं, गढूळ जाऊन निवळ आलं, की पहिला ग्लास ऑपरेटरला. महेंद्रला त्या ग्लासाचं केवढं अप्रूप! त्याचे वडील रंभाजी लहानपणी गावच्या विहिरीवर घागर घेऊन ताटकळत उभे राहायचे. विहिरीला शिवायचं नाही, कुणी वरून ओतील तेव्हा पाणी. त्याच गावात पाटलाच्या हातून ग्लास घेताना महेंद्र मुद्दाम सावकाश प्यायचा. मला गंमत वाटायची, आणि खरं सांगतो, बरंही वाटायचं.

परत आल्यावर मात्र हा गडी ग्लास तोंडाला लावेना. मिरीजवळच्या मळ्यात छबूबाई नावाच्या म्हातारीनं स्वतः ग्लास पुढं केला, तर "तुमी घ्या, शेठ," म्हणून यानं तो माझ्याच हातात दिला. म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. मी त्याला गाडीमागं नेऊन झापलं.

"साहेब झालास का रे आता? म्हातारीचा मान ठेवायला काय जातं तुझं?"

तेव्हा कुठं बोलला.

एका ठेकेदारानं त्याला दक्षिण सुदानात नेलं होतं, गावोगाव पाण्याचे बोअर मारायला. पहिल्याच गावात गाडी शिरली आणि पोरं उलट्या दिशेनं पळाली. बायकांनी चुलीवरची भांडी उतरवली, चटया गुंडाळल्या, बघता बघता गाव रिकामं. याला काही कळेना. थोडीफार हिंदी येणाऱ्या दुभाष्यानं मग उलगडून सांगितलं. ही माणसं मुळात दुसरीकडची. तिथं अशीच जमिनीत भोक पाडणारी गाडी आली आणि तेल लागलं. तेल राखायला परक्या देशाचं सैन्य आलं, आणि सैन्यानं गाव उठवलं.

"लई वाईट वाटलं, शेठ. म्हणलं, मी तर पानी काढाया आलोय!"

पायानं अधू असलेली एक म्हातारी तेवढी मागं राहिली होती. झाडाखाली बसून बघत होती. महेंद्रनं बोअर मारला, पाणी लागलं. निवळल्यावर यानं आधी स्वतः पिऊन दाखवलं, मग तिला दिलं. म्हातारी हसली म्हणे, आणि तिनं रानाकडं तोंड करून हाळी घातली. एकेक करत सगळं गाव माघारी आलं. हापसा बसला. बायकांनी याला मधोमध बसवून गाणी म्हटली.

काही महिन्यांनी हा त्याच रस्त्यानं परतत होता. हापशाभोवती काटेरी तार, आत त्याच परक्या सैन्याचे तंबू. जवळच नव्या तेलविहिरी व्हायच्या होत्या आणि त्या राखणाऱ्यांना पाणी लागणारच की! बोअरचा पैसाही तेलवाल्यांचाच निघाला. ठेकेदाराला पहिल्यापासून ठाऊक होतं, हरामखोराला. झोपड्यांच्या जागी नुसती राख होती.

"माणसं?" मी विचारलं.

"सैन्याच्या गाड्या आल्या तवा ह्या खेपेला कुनी पळालंच न्हाई, शेठ. त्यांना वाटलं, पानीवालेच परत आले. पोरं गाड्यांकडं धावत गेल्ती म्हनं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. तेवढ्यात छबूबाई ग्लास घेऊन गाडीमागं आलीच.

"का रं लेकरा? पानी वंगाळ हाय का?"

"न्हाई आजी, गोड हाय. आधी तुमी प्या. पुढल्या वर्सी येतो म्या. तवा तुमी हितंच असला, तर तुमच्या हातनं पितो."

म्हातारी खदखदून हसली. "अरं, माझ्या रानातनं मला कोन उठवतंय?"