अकराचा चहा

ईशान, रेवा — परवा तुम्ही टोरोंटोहून फोनवर विचारलंत, "आज्जी, कल्याणीताई नोकरी सोडणार होती ना? मग सोडली का नाही?" मी विषय बदलला. खरं कारण फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. म्हणून ते क्रमाने लिहून काढलं, आणि या सदराला पाठवते आहे. वाचकांपैकी कुणाला यातली चूक सापडली तर मला आनंदच होईल.

मी सांगलीच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. अंगात येणं, दृष्ट लागणं असल्या गोष्टींना माझ्या घरात जागा नव्हती. सासूबाईंशी माझा वाद व्हायचा तो एकाच गोष्टीवरून. तुमचे आजोबा फौजेत. सणाच्या दिवशी सासूबाई पहिलं ताट त्यांचं वाढायच्या — पाट मांडून, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून.

मी म्हणायचे, "माणूस तिकडं लडाखला, आणि जेवण इथं?"

"जागा धरून ठिवायची बाई," त्या म्हणायच्या. "न्हाईतर त्यानं यायचं कुठं?"

ते गार झालेलं ताट नंतर मीच जेवायचे.

आता कल्याणी. तुमच्या मधुकाकांची मुलगी. तिला पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, ऑफिसात टेबलही नेमून दिलं, आणि पहिल्याच दिवशी निरोप आला — सध्या घरूनच काम करा. म्हणून ती उंब्रजला माझ्याकडे राहायला आली. वरच्या खोलीत लॅपटॉप मांडला. खिडकीतून उसाचे पांढरे तुरे दिसायचे, थंडीत त्यांच्यावर अकरा वाजेपर्यंत धुकं असायचं. त्या खोलीत वेळ जरा सावकाश चालतो, असं मला नेहमी वाटतं.

आठ-नऊ महिने गेले. ऑफिस तिने पाहिलं नव्हतं, ऑफिसने तिला. मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद. पडद्यावर नुसते गोल, त्यात एकेक अक्षर. एकदा तिने काही सांगितलं तर कुणीतरी विचारलं, "हे कोण बोललं?"

त्या दिवशी ती जेवताना म्हणाली, "आज्जी, मी उद्या लॉगिन केलंच नाही ना, तर एक गोल कमी होईल. बास."

"मग सोड नोकरी," मी म्हटलं.

"सोडू? पण काम आवडतं गं मला. फक्त मी कुठं आहे तेच कळत नाही."

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी तिला रोज अकराला आल्याचा चहा नेऊन देते. त्या सकाळी वर गेले तर खुर्ची रिकामी. लॅपटॉप चालू, खुर्चीच्या पाठीवर शाल. आमचा जिना एकच, आणि त्यावरून मीच येत होते. मी खिडकीपाशी जाऊन खाली पाहिलं. कुणी नाही. वळले तर कल्याणी खुर्चीत, पाय वर घेऊन बसलेली.

"कुठं गेली होतीस?"

"कुठं? इथंच आहे. जरा डोळा लागला होता वाटतं." तिने कपाकडे पाहिलं. "पुन्हा चहा? आत्ताच झाला की."

तिच्या तोंडाला गवती चहाचा वास येत होता. मी चहात गवती चहा कधीच घालत नाही.

चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून डॉक्टरांकडे गेले. नंबर तोच होता. पुढच्या पंधरा दिवसांत असं आणखी दोनदा झालं.

शेवटी तिने राजीनामा लिहिला. म्हणाली, मेलने नाही पाठवणार, एकदा तरी तोंड दाखवून देते. मी सोबत गेले.

ऑफिसच्या दाराशी आम्ही बसलो होतो. साठीच्या एक मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या नि कल्याणीपुढे थांबल्या.

"आज उशीर केलास गं बाय. अकरा कवाच वाजलं."

कल्याणीने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"तुलाच म्हनतीया. अंगठा बरा झाला का? पिवळी चिंधी न्हाई आज."

"मावशी, मी आज पहिल्यांदाच येतेय इथं."

"व्हय व्हय. आन् मी म्हसवडची पाटलीण."

कल्याणीच्या अंगठ्याला उंबऱ्याची ठेच लागली होती हे खरं. माझ्या जुन्या पिवळ्या लुगड्याची चिंधी मीच बांधली होती. आणि कॅमेरा जरी चालू असता, तरी त्यात पाय दिसले नसते.

मावशींचं नाव हौसाबाई. मी त्यांना बाजूला घेऊन नीट विचारलं.

"आवं, टेबलावर नावाची पट्टी, आन् मानूस न्हाई. बरं दिसंना. माझा ल्योक फौजेत हाय, आमी त्याचं ताट वाढतो सणाला. तसा हिचा कप ठिवला रोज अकराला. लय दिसांनी ही अधनंमधनं यायला लागली. बोलत न्हाई. पाय वर घेती, चहा पिती, कप बशीत उपडा घालून जाती."

माश्या बसू नयेत म्हणून रिकामा कप बशीत उपडा घालायचा, हा नियम आमच्या घरचा. तुम्हालाही सुट्टीत मी तोच लावला होता.

हौसाबाईंनी तिला टेबलापाशी नेलं. खिडकीजवळचं टेबल, कोपऱ्यात तिच्या नावाची पट्टी. शेजारचा मुलगा म्हणाला, "तू कल्याणी? आम्हाला वाटायचं, मावशी रोज इथं कप विसरतात." ती बसली. हौसाबाईंनी कप पुढे ठेवला. एक घोट घेऊन तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. गवती चहाचा वास मला उभ्या जागी येत होता.

राजीनामा पर्समध्येच राहिला. आता ती दर महिन्याला आठवडाभर पुण्याला जाते, बाकी दिवस इथून काम करते. अकराला तिची खुर्ची पुन्हा कधी रिकामी दिसली नाही.

मी यावर पुष्कळ विचार केला. योगायोग म्हणावा तर अंगठ्याची चिंधी आड येते. उत्तर माझ्याकडे नाही, आणि या वयात ते सापडेल असंही वाटत नाही.

एक मात्र सुरू केलं आहे. गेल्या महिन्यापासून रोज अकराला स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कप दूध ठेवते. तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र, तुम्ही गाढ झोपेत. नंतर ते दूध मीच पिते.

मंगळवारी मी फुलं काढून आत आले, तर दोनपैकी रेवाचा कप रिकामा, बशीत उपडा घातलेला होता.

रेवा, त्या रात्री तुला काही स्वप्न पडलं होतं का, तेवढं कळव.