कडेचा तुकडा

सर्जनचा फोन आला तेव्हा स्लाइड मायक्रोस्कोपखालीच होती. गाठ परत आली आहे ना, असं त्यांनी विचारलं.

“सांगता येत नाही,” मी म्हणालो. “तुकड्यात एकही पेशी जिवंत नाही.”

पेशंट लासलगावचे कांदा व्यापारी दगूशेठ. मेंदूतली गाठ काढून त्यांना रेडिएशन दिलं होतं. आता एमआरआयमध्ये त्याच जागी पांढरं कडं दिसत होतं. गाठ उलटली असेल तर खळा विकायचा, असं शेठनी ठरवलं होतं. खळा म्हणजे घेतलेला कांदा उतरवून निवडायची जागा. गिऱ्हाईकही तयार होतं.

रेडिएशनने रक्तवाहिन्या खराब होऊन मेंदूचा तेवढा भाग मरू शकतो. ते त्रासाचं, पण कॅन्सर नव्हे. मात्र गाठीतही मेलेल्या पेशी सापडतात, कारण मेंदूची गाठ एकजिनसी नसते. रक्तवाहिनीजवळच्या पेशींना ऑक्सिजन मिळतो. लांबच्या पेशी ऑक्सिजनशिवाय साखरेवर भागवतात आणि हळूहळू वागायला, दिसायलाही वेगळ्या होतात. त्याहून लांबच्या उपाशी मरतात. मधे मेलेल्या, भोवती जिवंतांची दाटी. माझ्याकडे फक्त मधलं आलं होतं. कडेचा तुकडा हवा होता, म्हणजे पुन्हा सुई.

सर्जन वैतागले. पेशंटला तुम्हीच सांगा, म्हणाले.

मी सांगितलं, तर शेठच्या पत्नी हिराबाईंना हसू आवरेना. लिलावात ट्रॉलीतला वरचा कांदा बघून भाव ठरतो. खळ्यावर खालचा हलका निघाला की व्यापारी भाव पाडतो. याला वांधा काढणं म्हणतात. त्यात शेठचा हात धरणारा कुणी नव्हता.

“आज तुमच्याच ट्रॉलीचा वांधा निघला,” हिराबाई म्हणाल्या.

“निघू दे,” शेठ म्हणाले. “पण डॉक्टर, आता पार तळापर्यंत बघा. परत बोलवायचं नाय.”

कडेचे तुकडे चारी बाजूंनी आले. जाड झालेल्या रक्तवाहिन्या, जुने व्रण. गाठीची जिवंत पेशी कुठेही नाही. रेडिएशनचा परिणाम, असा रिपोर्ट मी दिला. स्टेरॉइडने सूज ओसरली. गिऱ्हाईक परत गेलं.

पुढे तपासणीला आले तेव्हा शेतकऱ्यांचे वांधे कमी केलेत का, असं मी शेठना विचारलं.

“कशाला? तुम्हीच तर दाखवलं, तळ बघितल्याबिगर माल कळत नाय.”

“पण तळ बघून तुमचा भाव वाढला होता, शेठ,” मी म्हणालो.

“तेवढं एकदाच,” हिराबाई म्हणाल्या.

तुकडा कुठून घेतला हे विचारल्याशिवाय मी आता रिपोर्ट देत नाही. लासलगावच्या शेतकऱ्यांना मात्र या निदानाचा काही फायदा झाला नाही.