निघालो म्हणालो तेव्हा

फोनवर मी अक्काला "येऊनच राहिलो" म्हणालो, तेव्हा मी घरातून निघालोच नव्हतो. हदगावच्या घरात बनियनवर बसलो होतो आणि समोर चहाचा कप होता. हे मी तीन वर्षं कुणालाही सांगितलं नाही.

आमच्याकडे सगळेच असं बोलतात. "येऊनच राहिलो" म्हणणारा माणूस गावच्या फाट्यावर असू शकतो, नाहीतर न्हाणीतही. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो मधल्या वेळात दोन कामं उरकून घेतो. पण अक्का माझी थोरली बहीण. माझा शब्द तिनं जसाच्या तसा धरला.

ती म्हणाली होती, "तुझ्या दाजीचं तोंड वाकडं होऊन राहिलं रे. हातातला पेला पडला."

त्यांचं गाव माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. माझ्याकडे गाडी होती, आणि तिच्या तयारीचा मला अभिमान होता. मुलगी लातूरला क्लाससाठी राहायची. कधीही जावं लागेल म्हणून टाकी भरलेली, स्टेपनीत हवा, डिकीत दोरी, बॅटरी, औषधांचा डबा. दाजी चिडवायचे, "मेव्हण्याची गाडी कवाबी तयार हाय. मेव्हणाच तेवढा तयार पाहिजे!" मीही हसायचो.

त्या दिवशी मी आधी चहा संपवला. अक्काला बाऊ करायची सवयच आहे, असं मनाशी म्हणालो. मागच्या वेळी नुसती ॲसिडिटी निघाली होती. मग आंघोळ केली. दवाखान्यात जायचं म्हणून इस्त्रीचा शर्ट शोधला. ओळखीच्या दोघांना फोन करून नांदेडला चांगला डॉक्टर कोण ते विचारलं. मी तयारीच करतोय, असं मला खरोखर वाटत होतं. दाराबाहेर पडायला पाऊण तास गेला.

पोहोचलो तर दाजींना ओट्यावर, पाठीला उशी देऊन बसवलेलं. शेजारचे काका म्हणाले, "लई येळ लावला की हो. म्या जीप कवाच काढली व्हती. बाईच म्हणल्या, नको, भाऊ निघालाय माझा."

अक्का घाईनं म्हणाली, "रस्त्याला गर्दी असंल, काका."

त्या रस्त्याला कधीच गर्दी नसते.

नांदेडला डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "त्रास कधी सुरू झाला?" वेळ ऐकून म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर एक इंजेक्शन देता आलं असतं. अक्कानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "आम्हालाच उशिरा कळलं, साहेब," म्हणाली. मी शेजारी फाइल धरून उभा होतो.

दाजी वाचले, पण उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही. शर्टाची बटणं अक्का लावते. पुढं दर आठवड्याला मी त्यांना व्यायामासाठी नांदेडला न्यायला लागलो, अगदी वेळेवर. लोक म्हणायचे, मेव्हणा असावा तर असा. मला ते ऐकवत नसे, पण मी कुणाला थांबवलंही नाही.

गेल्या पोळ्याला त्यांच्याकडे गेलो होतो. दाजी बैलाच्या शिंगाला गोंडा बांधत होते, एका हातानं, दोरीचं टोक दातात धरून. मी पुढं झालो.

"ऱ्हाऊ द्या, जमतंय मला," ते म्हणाले.

गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. मग माझ्याकडे बघून हसले. "असू द्या. नशीब एकेकाचं."

तेवढं मात्र मला सोसलं नाही. मी अक्काला बाहेर बोलावलं. ती पिठाच्या हातानंच आली.

"दाजी, ते नशीब नव्हतं," मी म्हणालो. "अक्काचा फोन आला तेव्हा मी घरीच होतो. तिचं बोलणं मला खरं वाटलं नाही. माझ्या भरवशावर तिनं जीप परत पाठवली, आणि पाऊण तास मी नुसता घरात घालवला. डॉक्टरापुढं ती माझ्यासाठी खोटं बोलली, ते मी बोलू दिलं. तुमचा हात माझ्यामुळं गेला असंल. माझं चुकलं. अक्का, तुझ्याशीही चुकलो मी. मला माफ करा."