काठ धरणारी यांगडोल

आमच्या गावात नदीला कुणी नावं ठेवत नाही. उन्हाळ्यात वरचं बर्फ वितळतं, ती फुगते, काठ खाते. माणसं म्हणतात, तिचंच होतं, तिनं नेलं. यांगडोल आनेला, आमच्या आत्याला, हे कधी पटलं नाही. तिचं जवाचं एकुलतं एक शेत नदीच्या वळणावर होतं आणि दरसाल थोडं थोडं वाहून जात होतं. ते संपलं असतं, तर नवऱ्याला, स्टोबदनला, लेहला हमालीला जावं लागलं असतं.

एका वसंतात, पालवी फुटायच्या आत, तिनं वाळुंजाच्या मनगटाएवढ्या फांद्या तोडल्या, ओढ्यात भिजवल्या आणि पहारीनं ओल लागेपर्यंत भोकं पाडून काठावर रोवल्या. गाढवं कोवळी साल सोलतात, म्हणून काठ्यांना चिंध्या गुंडाळायच्या असतात. चिंध्या संपल्या तेव्हा तिनं स्टोबदनचा गोंचा, त्याचा लोकरी अंगरखा, फाडला.

पलीकडच्या काठावर म्हातारे गुरमेत, साऱ्या गावाचे मेमे म्हणजे आजोबा, आपल्या शेतात उभे होते. "काय गं, झाडाला गोंचा आणि नवरा उघडा? लग्न कुणाशी लागलंय तुझं?"

"जो जागचा हलत नाही त्याच्याशी, मेमे-ले. तुम्हीही लावा चार काठ्या."

"या वयात? उगाच कशाला नदीशी भांडू!"

काठ्यांची झाडं झाली. मग एका उन्हाळ्यात पाणी असं आलं, की पूलसुद्धा थरथरला. यांगडोलचा काठ ढळला नाही. पाणी तिथं आपटून पलीकडे वळलं आणि गुरमेतांचं अर्धं शेत घेऊन गेलं.

"नदीनं नेलं. त्यात तुझा काय दोष?" स्टोबदन म्हणाला.

"माझं राहिलं ते कुणाच्या जिवावर?"

तिला जेवण जाईना. दुसरी एखादी गोम्पात दिवा लावून मोकळी झाली असती. या बाईचं मला कौतुक वाटतं ते इथं. स्वयंपाकघराच्या नव्या छतासाठी झाडांवर राखलेल्या फांद्या तिनं पुढच्या वसंतात साऱ्या तोडल्या. स्टोबदन गळक्या छताकडे बघत राहिला, मग भारे उचलून तिच्यामागे पूल ओलांडला.

गुरमेत पाठ करून बांधावर बसले होते. तिनं माफी मागितली नाही, परवानगीही नाही. भोकं पाडायला लागली.

चौथ्या भोकाला ते वळून म्हणाले, "याची झाडं होईपर्यंत मी नसेन, यांगडोल."

"नसाल," ती म्हणाली. "काठी सरळ धरा."

त्यांनी धरली.