निगराणीतला सोमाजी

माझ्या मालकाचं नाव सोमाजी. तोंडानं घ्यायची आमच्यात रीत नाही, पण लिहू नये असं कोणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते. आम्ही ढिवर, मासोळी धरणारे. कुरखेड्याच्या अलीकडे आमचं गाव, गावाला मोठा तलाव, आणि त्या तलावात माझा हा बुढा पन्नास वर्षं छातीभर पाण्यात उभा राहून जाळं ओढतो. वय एकोणसत्तर. कोणी ‘बसा आता’ म्हटलं की मुद्दाम उभा राहतो, असा माणूस.

गेल्या साली लघवीला वेळ लागायला लागला. रक्त तपासलं तर एक आकडा चढलेला निघाला. मग नागपूरला नेऊन मशीनीत घातलं, सुईनं तुकडे काढले. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना आणि आमच्या पोराला, हेमराजला, समोर बसवलं. म्हणाल्या, “प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. पण लहान आहे, ग्रंथीच्या आतच आहे आणि त्याची चाल मंद आहे. आजच कापायला पाहिजे असं नाही.”

“कापलं तर काय काय जाते?” बुढ्यानं विचारलं.

बाईंनी लपवलं नाही. काही लोकांना पुढे लघवी धरवत नाही, कोणाला थोडे महिने, कोणाला कायमची. आणखीही एक गोष्ट सांगितली, नवराबायकोची. ती ऐकून हेमराजनं भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. मी पदर सारखा केला.

“नाही कापलं तर निगराणीत ठेवू,” बाई म्हणाल्या. “सहा महिन्यांनी रक्त, वर्षानं मशीन, लागलं तर पुन्हा तुकडे. वाढतंय असं दिसलं की मग उपचार करायचे.”

“निगराणीत राहतो,” बुढा म्हणाला. हेमराजचा चेहरा उतरला.

आता आमच्या जंगलात नक्षलवादी, म्हणून आमच्या भागात निगराणी म्हणजे एकच, पोलिसांची. गावात उतरल्याबरोबर शेजारच्या बापूरावनं विचारलं, “काय म्हणते डॉक्टर?” बुढा बोलून गेला, “निगराणीत ठेवलं.” बापूरावनं पुढचं ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चहाला कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष वामनराव आले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, “सोमाजीभाऊ, खरं सांगा. जंगलात कोणाले भाकर देल्ली काय?”

बुढा हसत सुटला. “अरे, पोलीस नाई माह्या मागं, डॉक्टरीण हाय. कॅन्सर हाय मले, बारकासा.”

वामनरावांनी लोटलेलं दार पुन्हा उघडलं. मग म्हणाले, “त्यापेक्षा पोलीस परवडले असते.”

त्यानंतर लोक यायला लागले ते केळी घेऊन. बुढ्याकडे बघून माझ्याशीच बोलायचे, जणू तो अगोदरच फोटोत गेला होता. सोसायटीनं ठरवलं, सोमाजीभाऊनं तलावाच्या पाळीवर, बांधावर बसावं, जाळं बाकीचे ओढतील. आणि खरं सांगते, मलाही तेच बरं वाटत होतं. कॅन्सर हा शब्द घरात आला की भात शिजवतानाही कानात वाजतो. कापून फेकावं आणि मोकळं व्हावं, असं मलाही वाटे.

हेमराज वरोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. त्यानं आम्हाला न विचारता ऑपरेशनची तारीख घेतली आणि गाडी घेऊनच आला. नेमका त्या सकाळी तलावात जाळं टाकायचं होतं. गाडीचा आवाज ऐकला आणि पाळीवर बसवलेला बुढा धोतर खोचून सरळ पाण्यात उतरला.

“बाबा, बाहेर या. चार वाजता भरती व्हायचं हाय.”

“तू ये इथी.”

“बूट हायेत माह्ये.”

“मंग ओरडून बोल. साऱ्या गावाले ठाऊकच हाय.”

पोरगा बुटासकट गुडघाभर उतरला. “काऊन असे करून राह्यले तुम्ही? अंगात कॅन्सर घेऊन कोणी राह्यते काय?”

“आपण मासोळीचं बीज सोडतो,” बुढा म्हणाला, “मंग महिन्या-महिन्याले फेकजाळं मारून पाह्यतो का नाई, केवढी झाली ते? का पहिल्या महिन्यातच पाळ फोडून तलाव कोरडा करतो? डॉक्टरीणबाई तेच करून राह्यली. पाह्यते. मी बी पाहीन.”

“हे काई मासोळी नोहे.”

“नोहे. म्हणूनच तारीख चुकवणार नाई. वाढलं तर मी मोटारीत आधी बसीन. पण वाढलं नाई तोवर माह्यं अंग माह्यं हाय.”

हेमराज माझ्याकडे वळला. “माय, तू तरी सांग न.”

सगळी पाळ माझ्याकडे बघत होती. मी हातातली टोपली खाली ठेवली आणि बुढ्याला विचारलं, “आकडा चढला तर मले सांगसान का लपवसान?”

“पहिले तुलेच सांगीन.”

“मंग राहा,” मी म्हटलं. पोराला म्हटलं, “तारीख रद्द कर बाबू. आणि बूट काढ, फुगतीन.”

तो रागातच गेला. पण गाडीत बसून नागपूरला फोन केला आणि ऑपरेशन नको म्हणून सांगितलं, ते मी ऐकलं.

सहा महिन्यांनी बुढा कुरखेड्याहून रक्ताचा कागद घेऊन आला. दारातच म्हणाला, “चढला. थोडासाच. फोनवर विचारलं बाईंले, म्हणाल्या एवढ्यानं काई होत नाई, पण मशीन एक महिना आधी करू. हेमराजले सोबत बोलावू.”

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. मी विचारलं, “भेव वाटते काय?”

“वाटते न,” तो म्हणाला. “पण भेव वाटते म्हणून कापून घेऊ काय?” आणि पाय धुवायला पाणी मागितलं.