बारीक वाळूचं कोर्ट

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यातून रिटायर झाले, पण माणूस घरात टेकेल तर शपथ! चहाचा कप घेऊन हॉलभर फिरतात. "अहो, बसा की जरा!" म्हटलं की निघाले खिडकीत. खाली आमच्या खरवईच्या सोसायटीचं टेनिस कोर्ट, आणि त्यावर आमची नात राजसी.

ते कोर्ट सोसायटीच्या शशिकांतकाकांनी, म्हणजे ह्यांनीच, मागे लागून करून घेतलं. खाली सिमेंट, वर रंग, आणि रंगात वाळू. राजसी तेव्हा लहान, सारखी पडायची. गुडघे सोलवटून आली की हे कासावीस. शेवटच्या थराला ह्यांनी कंत्राटदाराच्या डोक्यावर बसून वाळू पिठासारखी बारीक घालायला लावली, तीही निम्मीच. "पोर पडली तरी सालपट निघायला नको," म्हणे. कोर्ट गुळगुळीत झालं. टप्पा पडला की चेंडू सटकन घसरून यायचा, आणि पोरीचा हातही तसाच झटपट झाला. हे चार लोकांत मिरवायचे.

यंदा जिल्ह्याच्या निवड चाचणीत ती पहिल्याच मॅचला हरली. अंबरनाथ पूर्वेला नुकतं रंगवलेलं कोर्ट, चांगलं खरखरीत. तिथे चेंडू जमिनीला अडायचा, मग सावकाश वर उठायचा. तोवर राजसीची रॅकेट फिरून मोकळी! पोर रडवेली झाली. मॅच संपल्यावर ह्यांनी वाकून कोर्टावर तळहात घासला, आणि चेहरा पांढराफटक पडला.

घरी आल्यावर भरल्या ताटावरून उठले.

"सुनंदा, पोरीचा हात मीच बिघडवला गं. तिला लागू नये म्हणून..."

मला राग काय कमी आला होता? पण त्या माणसाकडे बघून गिळला.

राजसीच शेवटी म्हणाली, "आबा, पुढची चाचणी दिवाळीनंतर आहे. जाड वाळू टाका ना आपल्याकडे."

मग काय, ह्यांनी कमिटीचं डोकं खाल्लं आणि जाड वाळूचा नवा थर चढवून घेतला. पहिल्या दिवशी आम्ही दोघं बाकावर. पोर धावली, बूट अडकला आणि धाडकन पडली. गुडघा रक्ताने माखला. हे ताडकन उठले, खिशातून कापूस काढला. मेला कापूस घेऊनच आले होते!

"आबा, बसा!" पोर तिकडून ओरडली. "आत यायचं नाही हां!"

हे बसले. समोरून चेंडू आला, सावकाश वर उठला. राजसी थांबली, अजून जरा थांबली, आणि मग मारला. काय मारला म्हणता! रक्त मोज्यात उतरत होतं, तिचं लक्षच नव्हतं. हे जागचे हलले नाहीत.

मी कापूस घ्यायला हात पुढे केला, तर ह्यांची मूठ सुटेना.