लेकीसाठी घेतलेला चाकू

माझी धाकटी लेक वनरक्षक झाली आणि तिला किनवटकडच्या जंगलात नेमणूक मिळाली. सगळे पेढे खात होते आणि मी मनात एकच म्हणत होते, ही पोरगी झाडाझुडपात एकटी फिरणार. तिला म्हटलं, "बाई, सोबत काय असतंय ग तुझ्या?" तर म्हणाली, "काठी, बॅटरी, आणि एक चाकू घ्यायचा हाय. घडीचा न्हाई, सरळ पात्याचा. घडीचा जोर दिला की बोटावर मिटतो म्हणे."

मग मला काम मिळालं. काठी-बॅटरीतलं मला काय कळतंय, पण पात्याचं कळतं. जन्म खुरप्यात गेला माझा.

दोघी लातूरला बाजारात गेलो. दुकानदारानं काचेवर चाकूच चाकू मांडले. लेकीचा डोळा एका काळ्या चाकूवर. पाठीला करवतीसारखे दात, मुठीच्या टोपणात होकायंत्र, टोपण फिरवलं की आत काडीपेटी ठेवायची जागा. मी ते टोपण काढून आत डोकावले. मूठ अख्खी पोकळ. पातं वरच्या वर अडकवलेलं.

"हे पातं कशाला धरून बसलंय ग?" मी विचारलं.

ती हसली. "साहेबांनीबी ट्रेनिंगमध्ये तेच सांगितलं, लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत पाहिजे. पण आई, दिसायला लई भारी हाय."

"जंगलात कोण बघायला बसलंय तुला?"

"वाघ," दुकानदार म्हणाला. मला काही हसू आलं नाही.

निंदणीच्या भर कामात खुरप्याची मूठ ढिली झाली की काय होतं ते मला माहीत. आपण जोर लावतो इकडं आणि पातं जातं तिकडं. शेतात ठीक आहे, बांधावर कुणीतरी असतं. तिथं कोण असणार? म्हणून एकेक चाकू उचलून मूठ पिळून बघितली. दोन तर तिथंच हलले. शेवटी एक साधा हातात आला. पातं माझ्या तळहाताएवढं, लोखंड मुठीच्या बुडापर्यंत गेलेलं, कडेनं दिसत होतं. मूठ नारिंगी. म्यानात घातला, उलटा धरून झटकला, पडला नाही. आणि किंमत म्हणाल तर त्या काळ्याच्या निम्मीसुद्धा नाही.

दुकानदार म्हणाला, "मावशी, हे पातं गंजतं बरं का. बिनगंजाचं दाखवू?"

मी म्हटलं, "गंजू द्या. आमची विळीबी गंजते. खोबरेल लावायचं. पण दगडावर घासलं की धार येते का न्हाई?"

"ती येते."

लेक कुरकुरली, "नारिंगी मूठ. भाजी चिरायचा वाटतो." म्हटलं, गवतात पडला तर सापडंल तरी. घेतला.

दुसऱ्या दिवशी तिला नांदेडच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेले. नांदेडहून तिला किनवटची गाडी धरायची होती, पुढच्या सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. चाकू माझ्या पिशवीत राहिलेला. आता आमच्यात धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. आपण खाली ठेवायची, समोरच्यानं उचलायची. मी बाकावर ठेवला आणि म्हटलं, "घे." तेवढ्यात गाडी लागली. गर्दी अशी की विचारू नका. ती दाराकडं पळाली आणि मी खिडकीकडं, सीटवर रुमाल टाकायला. रुमाल पडला, सीट मिळाली, गाडी गेली. मी खुशीत रिक्षात बसले.

निम्म्या वाटेत फोन. "आई, चाकू तू उचलला ना?"

"मी तर ठेवला. उचलायचा तू."

एवढं पारखून घेतलेला चाकू, आणि उद्या पोरगी रिकाम्या हातानं रानात जाणार. शिवाय कुण्या लेकराच्या हाती लागला तर? रिक्षावाल्याला म्हटलं, "बाबा, वळव माघारी."

बाकावर एक बाई दोन लेकरं घेऊन बसली होती आणि आमच्या चाकूनं पेरू कापून देत होती. मी चाकूकडं बोट दाखवलं.

"तुमचा हाय का हो मावशी?" ती म्हणाली. "असाच पडला होता. म्हटलं कुणीतरी येईल माघारी, तोवर लेकरायला फोडी करून द्याव्या. लई धारेचा हाय. कुठं घेतला?" पदरानं पुसून तिनं तो म्यानात घातला, बाकावर ठेवला आणि म्हणाली, "उचला." वर मला पेरूची फोडही दिली.

पुढच्या नांदेड गाडीच्या कंडक्टरपुढं उभी राहिले. चाकू म्हटल्यावर तो मागं सरला. "मावशी, माझी नोकरी घालवता का?"

"घालवत न्हाई बाबा, माझ्या लेकीची आत्ताच लागली हाय." सगळं सांगितलं. त्यानं म्यान निरखून बघितलं, कापडात गुंडाळलं आणि आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. "तिला म्हणा, ओळखपत्र दाखवल्याबिगर देणार न्हाई." मी लगेच लेकीला फोन लावला, म्हटलं नांदेडला उतरून या गाडीची वाट बघ.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, किनवटच्या गाडीतून. "मिळाला आई. कंडक्टरनं दोनदा ओळखपत्र बघितलं." ऐकून इतकं हलकं वाटलं की सकाळपासून त्या पेरूच्या फोडीशिवाय पोटात काही नाही हे तेव्हा लक्षात आलं.

पावसाळ्यात एकदा फोनवर सांगत होती, वाटेवर पडलेल्या फांदीच्या वेलांत तिच्या मोटारसायकलचं चाक गच्च अडकलं होतं. एकटीच होती. बसून सगळे वेल कापले आणि अंधाराच्या आत चौकीवर पोहोचली.

"मूठ हलली का ग?"

"न्हाई आई. जराबी न्हाई."

"मग तेल लाव त्याला आणि झोप," म्हटलं, आणि मीही दिवा मालवला.